फुटलेला दिसतो

मार्युत तुओविनेनचे पत्र मला आले त्याला आता अकरा वर्षे झाली. एकच पान होते, निळ्या शाईत लिहिलेले. मी ते इतक्या वेळा उघडले की घडीवर कागद फाटला, मग मी मागून चिकटपट्टी लावली. उत्तर मात्र दिले नाही.

तिने लिहिले होते :

"डॉक्टर कार्ना, आपली ओळख नाही. माझी आई राइली तुओविनेन तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये तुमच्या इस्पितळात मेंदूतल्या रक्तस्रावाने वारली. तिचे सगळे कागद मी मागवून घेतले. त्यांत तुमच्या सहीचे दोन अहवाल आहेत. ती आली त्या दिवशीच्या अहवालात तुम्ही लिहिले आहे : 'उजव्या बाजूचा लहान फुगवटा फुटलेला दिसतो.' चौथ्या दिवशीच्या अहवालात लिहिले आहे : 'उजव्या बाजूचा लहान फुगवटा पुन्हा फुटला आहे.' डॉक्टर हाल्लिकास मला म्हणाले की पहिल्या वेळी तुमची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी डावीकडच्या मोठ्या फुगवट्यावर उपचार केले. मला एवढेच विचारायचे आहे. पहिल्या दिवशी तुम्हाला ते दिसले होते, की तसे वाटले होते? वाटले असेल तर कोणाचीच चूक नाही आणि मी पुन्हा कोणाला त्रास देणार नाही. दिसले असेल तर मला ते कळायला हवे. मी वाट पाहते."

त्या वेळी मी नुकताच निवृत्त झालो होतो. उत्तराचे पाच-सहा मसुदे केले. प्रत्येक मसुदा "मला वाटते" ने सुरू होत होता. शेवटी मी ते पत्र एका जाड शब्दकोशात ठेवून दिले.

झाले होते ते असे. राइली तुओविनेन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. अठ्ठावन्न वर्षांची. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच करतात तसे ती तळ्याकाठच्या धक्क्यावर घरातले गालिचे धूत होती. ओला गालिचा वळणीवर टाकताना तिने दोन्ही हातांनी डोके धरले आणि ती खाली बसली. दुपारी ती माझ्यासमोर होती, म्हणजे तिचे स्कॅन माझ्यासमोर होते. मेंदूभोवती रक्त पसरलेले, उजवीकडे जरा जास्त. आणि धमन्यांवर एक नव्हे, दोन फुगवटे. आमच्या भागात हे नवे नाही, एकाच माणसाला दोन-तीन असतात, घरेच्या घरे तशी असतात. डावीकडचा मोठा, रुंद तोंडाचा, गुळगुळीत. उजवीकडचा वाटाण्याहून लहान, पण त्याच्या टोकाला तिळाएवढा उंचवटा. फुगवटा जिथून फुटतो तिथे असा उंचवटा राहतो. मी लिहिले : फुटलेला दिसतो.

दिसतो हा शब्द मी आयुष्यभर एकाच अर्थाने वापरला. डोळ्यांना दिसते ते दिसते. मला ज्यांनी हे काम शिकवले तेही तसेच लिहीत. माझ्याकडच्या जुन्या शब्दकोशांत पहिला अर्थ तोच आहे. पण माझ्या पाठीमागे तो शब्द सरकत गेला. माझ्याहून लहान लोक "असावा बहुतेक" म्हणायचे असेल तेव्हा "दिसतो" म्हणू लागले. मी दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसणारा माणूस. मला ते फार उशिरा कळले.

तोर्स्ती हाल्लिकास माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तो राजधानीकडचा, मोठ्या आवाजाचा. जांघेतल्या धमनीतून केसासारखी नळी मेंदूपर्यंत नेऊन आतून उपचार करण्यात त्याचा हात खरोखरच चांगला होता. हे मी नाकारणार नाही. त्या वर्षी प्रवाह वळवणारी जाळी नवी होती. बारीक तारांची विणलेली नळी फुगवट्याच्या तोंडावरून धमनीत बसवायची, म्हणजे रक्त सरळ पुढे जाते, फुगवट्यात फिरत नाही, आणि काही महिन्यांत फुगवटा आपोआप गोठून बंद होतो. परदेशात जाऊन तो ती शिकून आला होता. नुकत्याच फुटलेल्या फुगवट्यावर ती आमच्याकडे कोणी बसवली नव्हती, कारण तिच्याबरोबर रक्त गोठू न देणारी दोन औषधे द्यावी लागतात, नाहीतर जाळीच तुंबते. ज्याच्या डोक्यात आत्ताच रक्त सांडले आहे त्याला रक्त पातळ करणारी औषधे द्यायची. म्हणजे छिद्र कोणते हे नक्की ठाऊक पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डावीकडे जाळी बसवली. सुंदर बसवली. औषधे सुरू झाली. उजवीकडचा लहान फुगवटा तसाच उघडा राहिला, आणि आता त्याच्यावर गुठळी धरणार नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी राइली न्याहारीच्या ताटावर पडली. स्कॅन पुन्हा माझ्याकडे आले. या वेळी मी "दिसतो" लिहिले नाही.

पुढच्या आठवड्यात मृत्यूंच्या आढाव्याची बैठक झाली. हाल्लिकासने माझे पहिले वाक्य पडद्यावर लावले आणि पेनाने शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

"कार्नाला दिसतो," तो म्हणाला. "आता कार्नाला काय काय दिसतं ते आपल्याला ठाऊक आहे. मागच्या वर्षी त्याला गाड्यांच्या तळावर अस्वल दिसलं होतं. कचऱ्याची काळी पिशवी निघाली."

लोक हसले. हसण्यासारखेच होते, मीही थोडा हसलो. तेच माझे चुकले. मी हसलो म्हणून कोणीही पुढे काही विचारले नाही. नोंदीत लिहिले गेले की "अहवालातील अनिश्चिततेमुळे मोठ्या फुगवट्यावर उपचार करण्याचा निर्णय योग्य होता." त्या दिवसापासून माझे नाव पडले, दिसतो. "दिसतो जेवायला गेलाय का?" "दिसतोला विचार, तो बघून सांगेल." निवृत्तीच्या समारंभात मला एक भिंग भेट मिळाले, मुठीवर तोच शब्द कोरलेला.

तेव्हापासून मला हाल्लिकासचा सूड हवा होता. हे लिहायला लाज वाटते, पण खरे आहे. मी भित्रा आहे. भित्र्या माणसाचा राग ओरडून संपत नाही. तो आत मुरतो. फिरायला गेलो की मी मनातल्या मनात त्याला भर सभेत उभा करायचो आणि बोलायचो. दर वेळी शब्द बदलायचे, दर वेळी तो खाली बघायचा. घरी येऊन मी बूट काढायचो आणि पुस्तक उघडायचो. आणि या सगळ्यात एक अडचण होती. मार्युतच्या प्रश्नाचे उत्तर मलाच ठाऊक नव्हते. इतकी वर्षे इतके लोक हसल्यावर मला खरेच दिसले होते का, याची मला खात्री उरली नव्हती.

या वसंतात इस्पितळाला पंच्याहत्तर वर्षे होणार म्हणून स्मरणग्रंथ काढायचे ठरले. मी पुस्तकी माणूस, मला स्वल्पविराम कळतात, म्हणून छपाईआधीची सगळी पाने तपासण्याचे काम माझ्याकडे आले. ग्रंथ निघेल त्याच दिवशी हाल्लिकासच्या तैलचित्राचे अनावरणही व्हायचे होते. तो निवृत्त होत होता. चित्राचा फोटो ग्रंथात होता : पांढरा कोट, खिडकीशी उभा, दोन बोटांत ती बारीक जाळी उजेडाकडे धरलेली. चित्रकाराने जाळीवर एक पांढरा ठिपका फार छान टाकला होता.

त्याच्या लेखात दोनशे सव्विसाव्या पानावर हे वाक्य होते : "नुकत्याच फुटलेल्या फुगवट्यावर प्रवाह वळवणारी जाळी आमच्या इस्पितळात प्रथम चौदा वर्षांपूर्वी बसवण्यात आली, उपचार पूर्णपणे यशस्वी झाला, मात्र रुग्ण चौथ्या दिवशी अन्य कारणाने दगावला."

अन्य कारणाने. मी ते वाक्य वाचले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचले. डावीकडचा फुगवटा फुटलेलाच नव्हता. जो फुटला होता त्याला त्याने हात लावला नव्हता. आणि चौथ्या दिवशीचा माझा अहवाल त्याने वाचलेला होता, खाली त्याची सही आहे.

मी पेन्सिल उचलली. एक शब्द बदलला असता तर पुरे होते. "अन्य कारणाने" च्या जागी "अन्य बाजूने". कोणाच्या लक्षात आले नसते, हजार प्रती छापल्या गेल्या असत्या, आणि ज्यांना कळायचे त्यांना कळले असते. ती कल्पना मला इतकी आवडली की मी उठून कॉफी केली आणि खिडकीशी उभा राहून सावकाश प्यायलो. मग लक्षात आले की हे पुन्हा तेच झाले. कुणीतरी आडून काहीतरी सुचवले, आणि वाचणाऱ्याने हवा तो अर्थ घेतला.

काहीही करण्याआधी मला स्वतःला खात्री करून घ्यायची होती. जुनी स्कॅन बघायचा मला आता हक्क नाही. पण मी काम करत असताना पाहिलेल्या प्रत्येक फुगवट्याचे चित्र वहीत काढून ठेवत असे. नाव नाही, नुसती तारीख. लहानपणी मला फुलांची चित्रे काढायची सवय होती, तीच पुढे इकडे आली. अशा एकोणीस वह्या आहेत. आणि माझा एक नियम होता, कोणालाही न सांगितलेला : जे दिसते ते अखंड रेघेने, ज्याची शंका आहे ते तुटक रेघेने.

चौदाव्या वहीत त्या जुलैची तारीख सापडली. डावीकडचा मोठा फुगवटा, अखंड रेघ. त्याच्या मागून जाणारी एक बारीक शाखा, तुटक. उजवीकडचा लहान फुगवटा, अखंड. आणि टोकावरचा उंचवटा मी एका फटक्यात काढला होता, पेन्सिल दाबून, इतकी की मागच्या पानावर वण उठला होता. मी तो वण बोटाने चाचपला. मला दिसले होते. मी खुर्चीवर बसून राहिलो, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा माझा राग माझा मलाच पोरकट वाटला नाही.

आता साक्षीदार हवा होता. जाळी बसवली त्या खोलीत हिल्क्का पेल्कोनेन मुख्य परिचारिका होती. तीही निवृत्त झाली आहे, बसचे दोन थांबे पलीकडे राहते, गुडघे दुखतात म्हणून सतत चिडलेली असते. मी गेलो तेव्हा ती वेलदोड्याचा गोड पाव भाजत होती.

"बस. आज काय दिसलं?" ती म्हणाली.

"हिल्क्का, चेष्टा नको. राइली तुओविनेन आठवते?"

तिने भट्टीचे दार लावले. "आठवते. तिची मुलगी अजून आईच्याच घरात राहते. उन्हाळ्यात त्याच धक्क्यावर गालिचे धुते. मी तिकडून जाताना दुसरीकडे बघते."

मी तिला पत्राबद्दल सांगितले, वहीबद्दल सांगितले, दोनशे सव्विसाव्या पानाबद्दल सांगितले. आणि म्हणालो, "सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? त्याने मला विचारलंसुद्धा नाही. मी दोन मजले खाली बसलो होतो. एक फोन केला असता."

हिल्क्का माझ्याकडे वळली.

"एन्सिओ, त्याने फोन केला होता."

"नाही."

"मी धरला होता फोन त्याच्या कानाशी. त्याने निर्जंतुक हातमोजे घातले होते. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मीही ऐकलं. तो म्हणाला, 'उजवीकडचा फुटलाय याची तुला खात्री आहे का?' आणि तू म्हणालास, 'नाही असं काही म्हणता येणार नाही.'"

 भट्टीतून पावाचा वास येत होता.

"मला कळलं," ती म्हणाली. "मी इथली आहे. आपल्याकडे याच्यापेक्षा पक्कं हो कोण म्हणतं? माझ्या नवऱ्याला लग्नाचं विचारलं तेव्हा तो हेच म्हणाला होता, आणि बेचाळीस वर्षं संसार केला. पण तो राजधानीचा. तो म्हणाला, 'म्हणजे खात्री नाही,' आणि मी फोन ठेवला."

"मग तू का नाही बोललीस?"

"कारण मी परिचारिका होते आणि तो हाल्लिकास होता. आणि तू डॉक्टर होतास. मला वाटलं, तू वर येशील." तिने पाव बाहेर काढला, एक माझ्यापुढे ठेवला. "खा. गरम आहे."

तो पाव मी खाल्ला की नाही हे मला आठवत नाही. घरी परत येताना मी एक थांबा आधीच उतरलो. तो फोन मला आठवत नव्हता, आणि आता आठवू लागला. त्याचा घाईचा आवाज, मागे यंत्राची घरघर. मी "हो" म्हटले नव्हते. आयुष्यात मी कोणालाच नुसते "हो" म्हटलेले नाही. माझ्या वडिलांनी मला शिकवले की ठासून बोलणारा माणूस बढाईखोर असतो.

दोन दिवस मला वाटले की सूड संपला, आता तोंड मिटून बसावे. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा ते वाक्य वाचले. अन्य कारणाने. पहिल्या वेळची चूक आम्हा दोघांची असेल, पण चौथ्या दिवसानंतर माझ्या बोलण्यात काही संदिग्ध नव्हते. "फुटला आहे." ते वाचून त्याने सभेत माझा शब्द पडद्यावर लावला, मुलीला माझे नाव सांगितले, आणि आता हे लिहिले. राग परत आला, आणि आता तो थंड होता.

गुरुवारी इस्पितळाच्या भोजनगृहात संपादकांची बैठक होती. गुरुवार म्हणजे वाटाण्याचे सूप आणि पॅनकेक. हाल्लिकास ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला.

"काय रे दिसतो, सापडल्या का चुका?"

"दोनशे सव्विसावं पान," मी म्हणालो. मी चमचा खाली ठेवला. "अन्य कारणाने असं लिहिलंयस."

"मग?"

"ती उजवीकडच्या फुगवट्याने गेली. तोच आधी फुटला होता. तू डावीकडे जाळी बसवलीस आणि औषधं दिलीस."

त्याने सुपात वाटलेली मोहरी ढवळली. "चौदा वर्षं झाली, एन्सिओ. मी तुला फोन करून विचारलं होतं. आठवतं का? तू म्हणालास, सांगता येत नाही."

"मी म्हणालो, नाही असं काही म्हणता येणार नाही."

"तेच ते."

"तेच नाही."

"हे बघ, तू एकदा 'हो' म्हणाला असतास तर मी उजवीकडे गेलो असतो. एक अक्षर. तुम्हा इकडच्या लोकांकडून ते अक्षर काढायचं म्हणजे दात काढल्यासारखं आहे. माझ्यासमोर बाई झोपलेली, आणि तू मला कोडी घालतोयस."

ते खरे होते, आणि ते ऐकून मला बरे वाटले नाही. पण मी उठलो नाही. सभेत हसलो होतो तसा हसलोही नाही.

"बरं, पहिल्या वेळचं अर्धं माझ्याकडे," मी म्हणालो. "चौथ्या दिवशी मी काय लिहिलं होतं?"

त्याने सुपाची वाटी बाजूला सारली.

"त्याखाली तुझी सही आहे. ते वाचून तू तिच्या मुलीला काय सांगितलंस?"

"रोग वाईट होता असं सांगितलं. होताच."

"आणि माझी खात्री नव्हती असं."

"नव्हतीच ना? आता तरी आहे का?" तो हसला, आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे आमच्याकडे बघू लागले.

"आहे," मी म्हणालो.

तो शब्द माझ्या तोंडून इतका मोठा आला की मीच दचकलो. हाल्लिकासने पॅनकेकवर जॅम पसरला, कडेपर्यंत, काळजीपूर्वक.

"स्मरणग्रंथातल्या चार ओळी आहेत रे. कोण वाचतं?"

"मी वाचतो."

"मग हवं तर काढून टाक ते वाक्य. नाहीतर राहू दे. तुला योग्य दिसेल ते कर." शेवटच्या वाक्यावर त्याने डोळा मारला.

तो गेल्यावर मी पाने पुढे ओढली. आधी मी ते वाक्य काढणार होतो. आता नाही. छापू दे, त्याच्या सहीने, त्याच्या चित्रासह, हजार प्रती. बोललेले माणूस नाकारू शकतो, वाकवू शकतो. छापलेले तसेच राहते. त्या वाक्यात "मात्र" च्या आधी स्वल्पविरामाऐवजी दोन टिंबे पडली होती, ती मी दुरुस्त केली, म्हणजे वाचणाऱ्याला अडखळायला होऊ नये. पानाखाली लिहिले, "तपासले, एन्सिओ कार्ना." हे करताना मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला होऊ नये असा होता. मी तो पुरेपूर घेतला.

मग मी घरी जाऊन उत्तर लिहायला बसलो. हिल्क्काला फोन करून विचारले की तिचे नाव लिहू का.

"लिही," ती म्हणाली. "पण त्या फोनचं लिहू नकोस. कोण विचारणार आहे? तो स्वतःहून सांगेल असं वाटतं का? तू का स्वतःचे पाय तोडतोस?"

"तो सांगेल. पुढे कधीतरी, सभेत, हसत हसत. आणि मग बाकीचंही कोणी खरं मानणार नाही."

"म्हणजे तू प्रामाणिकपणासाठी लिहीत नाहीयेस."

"नाही असं काही म्हणता—" मी थांबलो. "नाही. त्यासाठी नाही. त्याच्या हातात काही उरू नये म्हणून."

"आता कसं सरळ बोललास," हिल्क्का म्हणाली. "मग सगळंच लिही. मी फोन ठेवला तेही लिही."

पहिला मसुदा "मला वाटते" ने सुरू झाला. तो मी फाडला. दुसरा "आपण विचारल्याप्रमाणे" ने. तोही फाडला. तिसरा असा झाला :

"मार्युत तुओविनेन, मला दिसले होते. तुमच्या आईच्या उजव्या बाजूचा लहान फुगवटा फुटला होता आणि ते मी पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी काढलेले चित्र सोबत जोडले आहे. 'दिसतो' हा शब्द मी 'मला दिसत आहे' या अर्थाने लिहिला. डॉक्टर हाल्लिकास यांनी तो 'असावा' असा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोनवर खात्री आहे का असे विचारले, तेव्हा मी 'हो' म्हणायला हवे होते. मी 'नाही असं काही म्हणता येणार नाही' असे म्हणालो. परिचारिका हिल्क्का पेल्कोनेन यांनी ते ऐकले, त्यांना अर्थ कळला, त्यांनी सांगितले नाही, आणि त्या हे सांगायला तयार आहेत. माझ्या त्या वाक्यामुळे जाळी चुकीच्या बाजूला बसली आणि रक्त पातळ करणारी औषधे खरे छिद्र उघडे असताना दिली गेली. हा माझा वाटा आहे आणि मी तो कोणावर ढकलत नाही.

"चौथ्या दिवशी सगळ्यांना सगळे कळले होते. डॉक्टर हाल्लिकास यांनाही. तरी त्यांनी तुम्हाला तसे सांगितले नाही, आणि आता त्यांनी छापून लिहिले आहे की तुमची आई अन्य कारणाने गेली. पान दोनशे सव्वीस. त्याची प्रत जोडली आहे. हे खोटे आहे.

"तुम्हाला अकरा वर्षे वाट पाहायला लावली. त्याला माझ्याकडे कारण नाही, फक्त भीती होती."

सही केली. खाली लिहायला आणखी काही सुचले नाही. मग टेबलावर पडलेले निमंत्रण दिसले. इस्पितळाचे बोधचिन्ह, सोनेरी कड. "डॉक्टर एन्सिओ कार्ना आणि सोबत एक व्यक्ती." अनावरण चोवीस तारखेला, दुपारी दोन वाजता, मोठ्या सभागृहात. उपस्थितांना स्मरणग्रंथ दिला जाईल. अनावरणानंतर प्रश्नोत्तरे, असेही त्यात होते. हाल्लिकासला लोकांनी प्रश्न विचारलेले आवडतात.

माझी सोबत गेली सहा वर्षे कोणीही नसते. मी "सोबत एक व्यक्ती" च्या पुढे मार्युतचे नाव लिहिले, पूर्ण, आईच्या आडनावासकट, आणि कार्ड पाकिटात टाकले. मागे छोट्या अक्षरांत लिहिले : पहिल्या रांगेत बसू. तुम्ही विचारलेत तर मी शेजारून उभा राहीन आणि हो म्हणेन.

पाकीट जाड झाले होते. दोन तिकिटे लावली, मग आणखी एक. चौकातल्या नारिंगी टपालपेटीवर लिहिले होते की पुढची डाक चार वाजता निघते. चाराला दहा मिनिटे कमी होती. मी पाकीट पेटीच्या तोंडात अर्धे घातले आणि बाहेर काढले, पत्ता तपासला, धक्क्याच्या रस्त्याचे नाव आणि घराचा क्रमांक. बरोबर होता. माझ्यामागे एक बाई हातात पोस्टकार्ड घेऊन उभी होती.

"टाकताय ना?" तिने विचारले.

"हो," मी म्हणालो, आणि टाकले.